मानेतली काठी

आमच्या यांच्या हातातून इष्टलिंग पडलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हे म्हणजे संगमेश्वर, माझे यजमान. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आमचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. रोज सकाळी अंघोळ करून हे पाटावर बसायचे, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचे, विभूती लावायचे, बेल वाहायचे आणि त्याच्याकडं एकटक बघत राहायचे. त्या दिवशी तळहात रोजच्यासारखाच समोर धरलेला होता, पण बोटं हळूच कलंडली. लिंग पाटावर आपटलं आणि घरंगळत समईपाशी जाऊन थांबलं.

यांनी आधी दाराकडं बघितलं. मी तोवर मागं सरकले होते. मग लिंग उचलून कपाळाला लावलं, आणि पोट बरं नाही म्हणून दिवसभर जेवले नाहीत.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात एवढं काय. आम्हा लिंगायतांत ते लिंग जन्मल्यावर अंगावर येतं आणि मातीत जाताना तळहातावर असतं. मधल्या आयुष्यात ते पडू द्यायचं नाही. माझ्या आजेसासऱ्यांचं लिंग एकदा विहिरीत पडलं, तर ते सापडेपर्यंत काठावर उपाशी बसून होते असं घरात सांगतात. त्यामुळं यांनी मनात काय धरलं असेल ते मला न सांगता कळलं. महादेव आपल्यावर कोपला, असंच धरलं असणार.

मला मात्र वेगळं दिसत होतं. शर्टाच्या गुंड्या लावताना हे आरशासमोर ताटकळत उभे असायचे. दुकानात कापराची डबी उघडता उघडत नसे आणि मग गिऱ्हाइकालाच म्हणायचे, बघा बरं उघडती का. एकदा डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटली आणि यांना पत्ताच नाही, एका पायात चप्पल घालून दुकानापर्यंत गेले. मी विचारलं तर म्हणाले, "गादीवरून चालल्यावानी वाटून राहिलंय. साखरंमुळं असंल." साखर होतीच. पण आमच्या घरात छत गळलं तरी ते साखरेच्या नावावर खपवतील.

मी गप्प बसणारी बाई नाही. माहेरीही नव्हते. त्याला कारण माझा जन्मच उफराटा, मी पायाळू. डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले आणि आई मरता मरता वाचली. आमच्याकडं समजूत अशी की पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण उतरते. त्यामुळं कुणाची कंबर धरली, कुणाला पोतं उचलताना चमक भरली, की माणसं आमच्या दारात. ओट्यावर पालथं पडायचं आणि मी उजवा पाय दुखऱ्या जागेवर ठेवून दाबायचा. ज्या बायका हळदीकुंकवाला माझ्या जिभेचे दाखले देतात, त्याच दुसऱ्या दिवशी माझ्या पायाखाली पडलेल्या असतात. मला त्याची गंमत वाटायची आणि खरं सांगायचं तर थोडा ताठाही होता.

आता काठीचं सांगते. आमचं गाव उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. महाशिवरात्रीला तिथं नंदीध्वज निघतो. गावात त्याला नुसतं काठी म्हणतात. घराच्या माळवदाच्याही वर जाईल एवढा उंच, जाड वासा, शेंड्याला पितळेचा नंदी आणि मोरपिसांचा झुपका, खाली घुंगरं. हे सगळं एकट्या माणसानं पेलायचं. कमरेला चामड्याचा रुंद पट्टा, त्याच्या खोबणीत काठीचं बूड ठेवायचं, दोन्ही हातांनी ती धरायची, छाती पुढं काढायची आणि मान पाठीवर टाकून नजर शेंड्याला लावायची. शेंडा कुठं झुकतो ते दिसलं तरच तोल राहतो. गावाला पूर्ण फेरा होईपर्यंत मान खाली नाही आणि काठी जमिनीला टेकवायची नाही.

ही काठी धरण्याचा अधिकार आमच्या घराचा. सासरे थकले तेव्हा ती यांच्याकडं आली, आमच्या लग्नाच्याही आधी. संक्रांत झाली की दर रविवारी हे गावी जायचे आणि साध्या वाशाच्या शेंड्याला वाळूची पिशवी बांधून सराव करायचे. शिवरात्रीच्या रात्री मान लाकडासारखी होऊन घरी यायचे, पालथे पडायचे आणि म्हणायचे, "कांता, पाय लाव." मी मानेच्या मुळाशी पाय ठेवायची. वर्षाच्या बाकी दिवसांत हा माणूस माझं कौतुक म्हणून कधी करायचा नाही, पण तेव्हा म्हणायचा, "तुझ्या पायातच माझं औषध हाय." मी ते वर्षभर पुरवून खायची.

मी हट्ट धरून मानेचा फोटो काढायला लावला, तो मशीनमध्ये घालून काढतात तो. लातूरच्या डॉक्टरांनी तो बघितला, यांच्या चालण्याकडं बघितलं आणि नांदेडला जायला सांगितलं. आमची मुलगी अक्षरा नांदेडलाच दिलेली आहे. तिनं मणक्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर तनुजा म्हणून एक बाई होत्या, अक्षराहून फार मोठ्या नसतील.

त्यांनी यांच्या गुडघ्यावर हातोडी हलकेच मारली तर पाय टेबलाला लागेल एवढा उडाला. मूठ भराभर उघडमीट करायला सांगितली. माझ्या देखत त्या मुठी उघडेचनात. एकेक बोट वेगळं सुटायचं आणि सगळी बोटं एकमेकांची वाट बघत थांबायची. मग पावलाला पाऊल लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं आणि दुसऱ्याच पावलाला मी यांना धरलं.

डॉक्टरांनी फोटो काचेवर लावला. मणक्यांच्या मागून वरपासून खालपर्यंत एक चिवट पट्टी जाते, ती मणक्यांना एकत्र बांधून ठेवते, असं म्हणाल्या. तिच्या लगेच मागं मेंदूतून खाली येणारी मुख्य नस. पट्टी मऊ असायला हवी. यांची मानेतली पट्टी हाडाची झाली होती. फोटोत नसेला उरलेली चिंचोळी वाट मलाही दिसली.

"पण पट्टीचं हाड कसं हुतंय?" मी विचारलं.

"पूर्ण कारण अजून कुणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "काहींच्या रक्तातच कल असतो. साखर असली की तो वाढतो. आणि ताण. या आजाराच्या माणसांच्या पट्टीतल्या पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना पुन्हा पुन्हा ताणून बघितलंय. त्या हाड करायच्या मागं लागतात. निरोगी माणसाच्या पेशी तसं करत नाहीत. तुम्ही मानेचं जड काम करता का?"

हे आपल्या तळहाताकडं बघायला लागले. मग मीच काठीचं सांगितलं, मान पाठीवर टाकून कसं चालतात ते उभं राहून करूनही दाखवलं. डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "नुसत्या काठीनं हे झालं असं मी म्हणणार नाही. काठी धरणाऱ्या सगळ्यांना होत नाही. पण यांच्यात मुळात कल होता, आणि ताण वर्षानुवर्षं त्याच जागी पडला. पेशींना तो निरोपच वाटतो. इथं जोर पडतोय, इथं मजबुती करा. शरीर आपल्या परीनं बळकटीच करत राहिलं."

मला ते लगेच कळलं. हमालाच्या खांद्याला घट्टा पडतो तसा यांना आत पडला होता, आणि आतला घट्टा हाडाचा होता.

मग मी विचारायचं ते विचारलं. "मी पायाळू हाय. दरसाली यांच्या मानेवर पाय लावत आलेय. त्यानं तर न्हाई ना झालं?"

त्या हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन. "वर्षातून एकदा पाय ठेवल्यानं हे होत नाही," म्हणाल्या. "पण आता कुणाचाही पाय नको. चोळणं नको, न्हाव्याकडं मान मोडून घेणं नको. घसरून पडलात, गाडीला करकचून ब्रेक लागला, तरी हातपाय कायमचे जाऊ शकतात. आणि मान मागं टाकलीत की उरलेली जागाही दाबली जाते. काठी तर सोडाच, मान वर करून पंख्याकडंही बघू नका." मागच्या बाजूनं मणके उघडून नसेला जागा करून द्यायची, असं ऑपरेशन त्यांनी समजावलं. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण पुढचं थांबेल, असंही स्पष्ट सांगितलं.

"शिवरात्र झाल्यावर करू," हे म्हणाले. नांदेडला आल्यापासून त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं सबंध वाक्य.

डॉक्टर थांबू नका म्हणाल्या, अक्षरा रडली, मी यांना तिथंच बाकावर बसवून चांगलं झाडलं. उपयोग शून्य. शेवटी शिवरात्रीनंतरची पहिली तारीख घेतली. काठी धरणार नाही, नुसतं दर्शन घेईन, असं त्यांनी अक्षराच्या हातावर हात ठेवून सांगितलं.

परतताना बस लोह्याला थांबली. यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, लहान पोर धरतं तसा. चेहरा मात्र मला कितीतरी दिवसांनी उजळलेला दिसला.

"डॉक्टरीणबाई काय म्हनल्या ध्यानात आलं का तुझ्या?" हे म्हणाले. "अंगाला वाटलं, काठीचा जोर पेलायचाय. म्हणून अंगच मजबुती करून राहिलंय."

"हाव. आन् त्या मजबुतीखाली नस चिरडून राहिलीय."

"म्हंजे काठी माझ्या मानंत उगवली, कांता. माझ्या बापाच्या न्हाई उगवली, आज्याच्या न्हाई. महादेवानं आधी लिंग पाडून मला जागं केलं आन् मग हे दाखवलं." लिंग पडल्याचं त्यांनी पहिल्यांदा तोंडातून काढलं आणि मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत होतं, तेही कळलं. "हातून पडलं त्याची भरपाई करावी लागती. एक डाव काठी पेलतो आन् त्याच्या पायावर घालतो. मग कापू दे त्यांना काय कापायचं ते."

मी त्या बाईंनी दिलेलं ज्ञान ऐकून घाबरले होते. यांनी तेच ज्ञान घेतलं आणि ती देवानं दिलेली खूण मानली. माझ्या नवऱ्याला समज कमी आहे असं कुणी म्हणू नये. त्याला सगळं समजलं होतं, फक्त ते त्यानं देवाच्या तोंडून ऐकलं.

घरी आल्यावर मी सगळं करून बघितलं. भांडले, जेवणाचं ताट समोरून उचललं, दोन दिवस अबोला धरला, मग पाया पडले. हे प्रत्येक वेळी म्हणायचे, "न्हाई धरत म्हनलं ना." पण सराव बंद झाला तरी पलंगाखाली चामड्याचा पट्टा होता, आणि एक दिवस झाडताना मी तो हातात घेतला तर ताजं तेल लावून मऊ केलेला. पट्टा मी माळ्यावर जुन्या डब्यात टाकला. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आम्ही गावाला निघालो तेव्हा डबा रिकामा होता.

सासूबाई, सिद्धम्मा, गावीच राहतात. आम्ही त्यांना अव्वा म्हणतो. त्यांना मी मानेचं सगळं समजावून सांगितलं, हातानं स्वतःचा गळा आवळूनही दाखवला. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "त्याच्या बापाचीबी मान दुखायची. तुझा पाय हाय ना घरात. लाव की."

"अव्वा, पाय लावला तर ते जागेवर लुळे पडतील."

"सगळ्या गावाला लावतीस," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकालाच न्हाई."

मी मलप्पाभाऊजींकडं गेले. हे यांचे चुलतभाऊ. आमच्या घरानं काठी धरली नाही तर धरण्याचा अधिकार त्यांच्या घराकडं जातो, तशी रीतच आहे. अंगानं धडधाकट, डोक्यानं शांत माणूस. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही यांना अडवा. तुमचं ऐकतील."

मलप्पाभाऊजी अंगणातलं खुरपं उगाच इकडचं तिकडं ठेवत राहिले. "वैनी, मला दिसून राहिलं न्हाई का? संगूचे हात बघितले मी. पण मी कसं अडवू? मी तोंड उघडलं की गाव म्हणंल, मलप्पा काठीवर टपून बसलाय." त्यांचे डोळे भरले होते. म्हणजे ज्या एका माणसाला अडवता आलं असतं, त्याचंच तोंड शिवलेलं होतं.

देवळातल्या मृत्युंजय स्वामींकडंही गेले. ते म्हणाले, ज्याची काठी आहे त्याला पेलण्याचं बळ देणारा वर बसलाय. मी म्हटलं, वर बसलाय त्यानं मला खाली नांदेडच्या डॉक्टरांकडं पाठवलं होतं. ते हसून दुसऱ्या कामाला लागले.

शिवरात्रीला दुपारी हे माझ्याजवळ आले. अव्वा देवळात गेल्या होत्या. हे सतरंजीवर पालथे पडले आणि कपाळ हातावर टेकवून म्हणाले, "कांता, पाय लाव. एकदाच. हात जरा मोकळे होतील."

यांची मान माझ्यासमोर होती. केस पिकलेले, मुळाशी घामानं चिकटलेले. इतकी वर्षं मी तिथं पाय ठेवला होता आणि आत काय चाललंय ते मला कळलं नव्हतं. मी खाली बसले आणि त्या मानेवर हातसुद्धा ठेवला नाही.

"न्हाई लावणार," मी म्हटलं.

यांना उठायला वेळ लागला. भिंतीला धरून उठले. "बरं," म्हणाले, आणि उंबऱ्याला अडखळत बाहेर पडले.

मी मागोमाग गेले तोवर देवळासमोर सगळं गाव जमलं होतं. दोन लाकडी घोड्यांवर काठी आडवी ठेवलेली, धुतलेली, तेल पाजलेली. शेंड्याचा पितळी नंदी उन्हात चमकत होता. हलगी वाजत होती. आणि हे काठीपाशी हात वर करून उभे होते, मलप्पाभाऊजी खाली वाकून यांच्या कमरेला पट्टा आवळत होते. यांच्या बोटांनी बक्कल लागत नव्हतं म्हणून. भाऊजींनी माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली.

बायका देवळाच्या डाव्या अंगाला उभ्या राहतात, काठीजवळ जात नाहीत. मी सरळ चालत गेले. मला वाटतं लोकांनी वाट दिली ती पायाळू आलीय, काही उतारा करायचा असेल, म्हणून. मी यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "अहो, शेवटचं विचारते. पट्टा काढता का?"

"बाजूला हो," हे हळू म्हणाले. चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदच होता, आणि मला तो बघवला नाही.

मी लुगड्याचा काठ जरा वर धरला आणि उजवा पाय काठीवर ठेवला.

तेलानं वासा गार आणि बुळबुळीत लागला. मी पाय नुसता टेकवला नाही, दाबला, उसणीवर दाबते तसा. हलगी थांबली. अव्वा जागेवर खाली बसल्या आणि कानडीत म्हणाल्या, "साकु." पुरे.

"पाय काढ," हे म्हणाले.

"तुम्ही पट्टा काढा. मी पाय काढते."

यांचे हात बक्कलावर गेले. रागानं थरथरत होते, पण नुसते रागानं नव्हे. अंगठा चामड्यावरून घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. दुसऱ्या हातानं पहिल्या हाताचं बोट धरून आत घालायला गेले तर तेही जमेना. सगळं गाव बघत होतं. एवढी वर्षं ज्या हातांनी काठी तोलली ते हात एका बक्कलाशी झटत होते आणि हरत होते. धावत जाऊन काढून द्यावं असं वाटत होतं, आणि पाय उचलला तर सगळंच गेलं हे कळत होतं. मी तशीच उभी राहिले.

शेवटी मलप्पाभाऊजी पुढं झाले. त्यांनी खाली बसून बक्कल सोडलं आणि पट्टा काढून हातात घेतला. मग मी पाय काढला.

स्वामी म्हणाले, "पायाळूचा झाला तरी पाय पायच." ज्यांच्या पाठीवर मी पाय लावला होता अशी निम्मी माणसं तिथं उभी होती. एकही बोललं नाही. काठी पाण्यानं धुतली, विभूतीनं पुसली, आणि आमच्या घराकडून काढून मलप्पाभाऊजींच्या घराला दिली. या सालापुरती नव्हे, कायमची. हे ऐकायला थांबले नाहीत. घरी जाऊन आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. मिरवणूक आमच्या दारावरून गेली, घुंगरं वाजली, तरी दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडला निघालो तेव्हा अव्वा दारात आल्या नाहीत. बसमध्ये हे खिडकीकडं तोंड करून बसले. रस्त्यात खड्डा आला की मी यांच्या मानेमागं हात धरत होते आणि हे तो बाजूला सारत होते. अक्षराकडं मुक्काम, दवाखान्यातली भरती, रक्त तपासण्या, सगळं झालं. यांनी माझ्याशी अवाक्षर काढलं नाही. हवं नको ते अक्षराला सांगायचे. मला वाईट वाटत होतं, पण पस्तावा होत नव्हता, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. ऑपरेशनला नेताना गळ्यातलं लिंग काढावं लागतं. यांनी ते काढून अक्षराकडं दिलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि गुपचूप माझ्या हातात ठेवलं. मी ते पदराच्या गाठीत बांधून दिवसभर त्या बाकावर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत सोडलं. यांच्या मानेला हनुवटीपर्यंत घट्ट पट्टा होता, नजर छताला. डॉक्टर तनुजा पायाशी उभ्या राहून म्हणाल्या, "पाय हलवा बरं." चादरीखाली अंगठे हलले. आधी उजवा, मग डावा. मी तोंडात पदर धरला. हाताची मूठ अजून हळूहळूच मिटत होती. तिला वेळ लागेल, थोडं तसंच राहीलही, असं त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मी यांच्या तोंडावर वाकले. यांना माझ्याकडून तोंड फिरवता येत नव्हतं.

"मलप्पाला पेलली का?" हे म्हणाले. इतक्या दिवसांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलंच.

"पेलली. शेंडा दोनदा झुकला, पण सावरली."

"टेकवली न्हाई ना?"

"न्हाई टेकवली."

यांनी डोळे मिटले. डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानात उतरलं. मी ते पदरानं टिपत राहिले, कारण त्यांना ते स्वतः टिपता येत नव्हतं.

मग म्हणाले, "लिंग कुठाय?"

मी गाठ सोडली. यांनी डावा हात चादरीवर उघडला, मी त्यावर लिंग ठेवलं आणि यांना दिसावं म्हणून हात उचलून छातीशी आणला. बोटं थरथरत होती. लिंग तळहातावर जरासं डुललं. मी माझा तळहात त्यांच्या तळहाताखाली धरला.

"हात काढ," हे म्हणाले.

मी नाही काढला.